झेनचा बांधा, अँबॅसिडरची बैठक

मोटारीचे गुणदोष काढायचे तर तुलनेला दुसरी मोटार लागते. १९८० च्या आसपास भारतातल्या कुटुंबांना तीच मिळत नव्हती. अँबॅसिडर किंवा प्रीमियर पद्मिनी, फार तर एवढीच निवड. आधी नंबर लावायचा, मग वर्षानुवर्षं वाट पाहायची आणि गाडी दारात आली की पेढे वाटायचे. अशा बाजारात गिऱ्हाईक एकच प्रश्न विचारायचं : गाडी मिळणार कधी? ती घाटात तापते का, स्टेअरिंग किती जड आहे, लिटरला किती जाते, हे सगळं गाडी घरी आल्यावर कळायचं आणि कळून उपयोग काहीच नसायचा.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि चित्र पालटलं. तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं इंजिन, पुढच्या चाकांना मिळणारी ताकद आणि पन्नास हजारांच्या आतली किंमत. सकाळी एका किल्लीत सुरू होणं हा गाडीचा गुण असतो, हे भारतीय ग्राहकाला तिनं दाखवलं. बोरघाटात बॉनेट उघडून, रेडिएटर थंड व्हायची वाट पाहत उभ्या असलेल्या गाड्या ज्यांनी पाहिल्या होत्या, त्यांना या गुणाचं मोल सांगावं लागत नव्हतं. पुढची पंधरा वर्षं हीच गाडी मोजपट्टी झाली. प्रत्येक नव्या गाडीबद्दल लोक विचारायचे की ती मारुतीपेक्षा किती महाग, किती मोठी आणि तिचा मेकॅनिक कोपऱ्यावर मिळेल का.

मारुतीत एक उणीव मात्र सगळ्यांनाच सोसावी लागायची. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, होता २१७५ मिलिमीटर. मागच्या बाकावर तिघं बसली तर खांदे एकमेकांत अडकत आणि गुडघे पुढच्या सीटला टेकत. आईवडील आणि दोन लहान मुलं एवढाच संसार धरून केलेला हा आराखडा होता. आजी-आजोबांना घेऊन पंढरपूर किंवा कोल्हापूर गाठायचं म्हटलं की भाड्याची अँबॅसिडर शोधावी लागायची. १९९३ मध्ये झेन आली. ती चालवायला चपळ आणि दिसायला नीटस होती, पण मागच्या बाकाचा प्रश्न तिनंही फारसा सोडवला नाही.

तो प्रश्न सोडवायला पुढे आली टेल्को ही ट्रक बनवणारी कंपनी.

इंडिका या नव्या छोट्या मोटारीचा, कंपनीचे प्रमुख रतन टाटांनी मांडलेला हिशेब पुढे प्रसिद्ध झाला : आकार झेनएवढा, आतली जागा अँबॅसिडरएवढी, किंमत मारुती ८०० च्या जवळपास आणि चालवण्याचा खर्च डिझेलचा. कुटुंबाच्या गाडीची परीक्षा कशावर घ्यायची, याचं इतकं नेमकं टाचण भारतीय मोटार उद्योगात त्याआधी क्वचितच कुणी केलं असेल. यातलं प्रत्येक कलम म्हणजे त्या काळच्या एकेका गाडीची जमेची बाजू होती आणि ती सगळी एकाच पत्र्याखाली आणायची होती. पुढच्या वीस वर्षांत इंडिकाचं जे कौतुक झालं आणि जी निंदा झाली, त्या दोन्हींची मुळं या चार कलमांत सापडतात.

ही गाडी पुण्यात घडली. कंपनीचं नाव २००३ मध्ये टाटा मोटर्स झालं, तरी पिंपरी-चिंचवडमध्ये आजही अनेकांच्या तोंडी ‘टेल्को’च आहे. जमशेदपूरला १९४५ मध्ये सुरू झालेली ही कंपनी १९६६ पासून पुण्यात पाय रोवू लागली. कंपनीची धुरा वाहणाऱ्या सुमंत मुळगावकरांचा आग्रह असा, की इथे आधी टूलरूम आणि प्रशिक्षणाची सोय उभी राहावी. साचे आणि जिग-फिक्श्चर स्वतः करता आले पाहिजेत, नाहीतर नवी गाडी काढताना दर वेळी परदेशाच्या तोंडाकडे पाहावं लागेल, हा त्यामागचा विचार. मुळगावकर १९८९ मध्ये गेले, इंडिका त्यांनी पाहिली नाही. पण तिचे साचे करणारे हात त्यांनी घालून दिलेल्या व्यवस्थेतून तयार झाले होते. १९९४ च्या सुमो गाडीला त्यांच्या नावाची पहिली अक्षरं मिळाली. खरं तर इंडिकावरही त्यांचा तेवढाच हक्क होता.

तरीही ट्रक आणि हॅचबॅक यांत मोठं अंतर आहे. ट्रकला आणि सुमोला खाली भक्कम चासी असते आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असते. छोट्या मोटारीला वेगळी चासी नसते. पत्र्याचं कवचच सगळा भार पेलतं, त्यामुळे इंजिनाची थरथर आणि रस्त्याचा दणका थेट माणसांपर्यंत पोचतो. दाराची फट दोन मिलिमीटरनी चुकली तर ट्रकवाल्याला त्याचं काही वाटत नाही, मोटारीच्या गिऱ्हाइकाला मात्र ती रोज दिसते. गाडीचं रूप घडवताना इटलीत तुरीनच्या आयडीया या संस्थेची मदत घेतली गेली. निस्साननं ऑस्ट्रेलियात १९९२ मध्ये मोटारी बनवणं थांबवलं होतं. तिथली बंद पडलेली यंत्रसामग्री टेल्कोनं विकत घेतली, सुटी केली आणि जहाजांनी आणून पिंपरीत पुन्हा उभी केली. नवा कारखाना उभारण्याच्या मानानं हा मार्ग बराच स्वस्त पडला. तरी सगळा प्रकल्प सुमारे १७०० कोटी रुपयांचा झाला. त्या वेळच्या टेल्कोच्या मानानं हा फार मोठा जुगार होता.

जानेवारी १९९८ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि ३० डिसेंबर १९९८ रोजी ती बाजारात उतरली. काही दिवसांतच लाखाहून जास्त लोकांनी पैसे भरून नाव नोंदवलं. वर्षही असं, की गिऱ्हाइकासमोर पहिल्यांदाच खरी निवड उभी होती. ह्युंदाईची सँट्रो आणि देवूची मॅटिझ याच सुमारास आल्या आणि मारुतीला किमती उतरवाव्या लागल्या. मोटारींची नवी मासिकंही याच दिवसांतली. ‘ओव्हरड्राइव्ह’ १९९८ मध्ये निघालं, ‘ऑटोकार इंडिया’ १९९९ मध्ये. शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरला किती सेकंद लागतात, ब्रेक मारल्यावर गाडी किती मीटरवर थांबते, असे आकडे भारतीय वाचक दर महिन्याला शेजारीशेजारी लावून पाहू लागला. घरातल्या गाडीबद्दल आकड्यांत बोलायची सवय मध्यमवर्गाला लागली ती तेव्हा.

इंडिकाची पहिली जमेची बाजू टेपनं मोजता येते. तिचा व्हीलबेस २४०० मिलिमीटर, म्हणजे मारुतीपेक्षा सव्वादोनशे मिलिमीटरनं जास्त. अँबॅसिडरचा होता साधारण २४६४. आता पूर्ण लांबी पाहावी. अँबॅसिडर सव्वाचार मीटरहून लांब, तर इंडिका पावणेचार मीटरच्याही आत. साठ सेंटिमीटरहून जास्त लांबी कापली आणि बैठकीचा पाया फक्त सहा-सात सेंटिमीटरनं घटला! यामागची युक्ती जुनी होती. १९५९ मध्ये ॲलेक इसिगोनिस यांनी ब्रिटनमध्ये मिनी ही गाडी केली, तेव्हा इंजिन आडवं ठेवलं आणि ताकद पुढच्या चाकांना दिली. मागच्या आसापर्यंत जाणारा लोखंडी दांडा त्यामुळे लागेनासा झाला, इंजिनाची खोली आखूड झाली आणि वाचलेली सगळी जागा माणसांना मिळाली. मारुती आणि झेननंही हीच पद्धत वापरली होती. इंडिकानं त्याच पद्धतीत रुंदी वाढवली. मारुतीपेक्षा ती वीसेक सेंटिमीटरनं रुंद होती, म्हणून मागे तिघं मोठी माणसं खरोखर बसू शकली. साडी नेसलेल्या वयस्क बाईला सहज चढता-उतरता येईल असं मोठं दार आणि उंच बैठक, या गोष्टी मासिकांच्या तक्त्यात कधी आल्या नाहीत, पण घराघरांत निर्णय त्यावर झाले.

दुसरी जमेची बाजू १४०५ सीसीचं डिझेल इंजिन. डिझेलवर चालणारी ती पहिली छोटी गाडी नव्हती. फियाट उनोचं डिझेल रूप होतं, झेन डिझेलही आली होती. पण एवढ्या किमतीत एवढी जागा आणि डिझेल हा मेळ दुसरीकडे नव्हता. त्या काळात डिझेलचा दर पेट्रोलच्या निम्म्याच्या आसपास असायचा, आणि डिझेल गाडी लिटरला जास्त अंतरही जायची. दर निम्मा आणि ॲव्हरेज सव्वापट धरलं, तर किलोमीटरमागे इंधनखर्च पेट्रोल गाडीच्या चाळीस टक्क्यांवर येतो. मराठी माणसाला हे गणित कुणी समजावून द्यावं लागलं नाही. भरीला हे इंजिन साधं होतं. इंधन सोडणारा पंप यांत्रिक होता, इलेक्ट्रॉनिक नव्हता, त्यामुळे तालुक्याच्या गावातला ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मिस्त्रीही त्यात हात घालू शकायचा. बार्शीत किंवा कणकवलीत राहणाऱ्याच्या दृष्टीनं हा गुण पिकअपपेक्षा मोठा.

दोष कळायला वेळ लागला नाही. पहिल्या गाड्यांबद्दल तक्रारींचा ओघ सुरू झाला : सस्पेन्शनचा खडखडाट, टायरची लवकर झीज, गिअर नीट न पडणं, फिटिंगमधली ढिलाई, इंजिनाची घरघर. ज्यांनी अभिमानानं गाडी घेतली होती, तेच जास्त दुखावले, कारण देशातच आखलेली ही पहिली प्रवासी मोटार म्हणून तिच्याकडे पाहिलं गेलं होतं. कंपनीनं गाड्या परत बोलावून सुटे भाग फुकट बदलून दिले. २०००-०१ या वर्षी टेल्कोला सुमारे ५०० कोटींचा तोटा झाला. ट्रकची मंदी हेही त्याचं मोठं कारण होतं, पण बोट दाखवलं गेलं ते इंडिकाकडे.

इथे टेल्कोच्या इंजिनिअरांनी जे केलं, ते या सगळ्या कथेतलं सर्वांत मोलाचं आहे. तक्रारींना जाहिरातीनं उत्तर देण्याऐवजी त्यांनी त्या तक्रारींचीच यादी कामाला घेतली आणि २००१ मध्ये ‘व्ही-टू’ आणली. बाहेरून गाडी जवळपास तीच, पण सस्पेन्शन, इंजिन, गिअर यांवर पुन्हा मेहनत घेतलेली. मालकांनी काढलेले दोष हाच तिचा आराखडा होता. विक्री सावरली, पुढच्या वर्षी तिच्याच पायावर इंडिगो ही सेडान आली आणि प्रवासी मोटारींच्या धंद्यात कंपनी टिकली. एखाद्या वस्तूचे गुणदोष नीट सांगणारं गिऱ्हाईक किती कामाचं असतं, याचा इतका स्पष्ट दाखला भारतीय कारखानदारीत विरळाच.

घरघर मात्र गेली नाही. ती त्या इंजिनाच्या जातीतच होती. गावात इंडिका वळणावर येण्याआधी ओळखू यायची.

पण घरगुती गाडी म्हणून इंडिकाचं जे नुकसान झालं, ते कुठल्या दोषामुळे झालं नाही. ते तिच्या गुणांनीच केलं. डिझेल गाडी पेट्रोल गाडीपेक्षा महाग पडते आणि जास्तीचे पैसे किलोमीटरच्या हिशेबानं वसूल होतात. महिन्याला चारशे किलोमीटर चालवणाऱ्या कुटुंबाला ते वसूल व्हायला कित्येक वर्षं लागतात. तीन-चार हजार किलोमीटर चालवणाऱ्याला वर्ष-दीड वर्ष पुरतं. म्हणजे जो जितका जास्त फिरणार, त्याला ही गाडी तितकी जास्त परवडणार. मागे तीन माणसं आरामात, दुरुस्ती स्वस्त, डिझेलचं ॲव्हरेज : टॅक्सीवाल्याला याहून काय हवं होतं? पुण्यात आणि बंगळुरूत आयटी कंपन्या आणि कॉल सेंटरं वाढत होती आणि रात्री-अपरात्री माणसं घरी सोडायला हजारो गाड्या लागत होत्या. त्या कामाला इंडिकाच जुंपली गेली. हिंजवडीच्या रस्त्यावर पांढऱ्या इंडिकांच्या, पिवळ्या नंबरप्लेटच्या रांगा लागू लागल्या. मुंबई-पुणे टॅक्सीच्या अड्ड्यांवरही जुन्या पद्मिनीच्या शेजारी ती उभी राहिली.

मग घरासाठी गाडी घ्यायला निघालेल्या माणसाला घरचेच विचारू लागले : टॅक्सी घेणार? सेकंडहँड बाजारात दलालाचा पहिला संशय असा, की ही गाडी भाड्यानं किती लाख किलोमीटर पळाली आहे. ज्या बैठकीचं कौतुक झालं होतं, तीच आता भाड्याच्या गाडीची खूण ठरली. यात गाडीवर अन्याय झाला हे मान्य करायला हवं. पण घराची गाडी लग्नसमारंभाच्या दारातही उभी राहते, तिथे चार लोकांत ती कशी दिसते हाही परीक्षेचाच भाग असतो, आणि टाचणातल्या चार कलमांत या पाचव्या गोष्टीला जागा नव्हती.

मोजपट्टी बदलली की तीच गाडी किती वेगळी ठरते, हे ब्रिटनमध्ये दिसलं. तिथल्या एमजी रोव्हर कंपनीनं २००३ मध्ये इंडिका ‘सिटीरोव्हर’ या नावानं विकायला काढली. पुण्यातून निघालेली मोटार ब्रिटिश नाव लावून ब्रिटनच्याच रस्त्यावर धावते आहे, याचं इथे अप्रूप होतं आणि ते योग्यही होतं. पण सुरुवातीची किंमत ठेवली ६,४९५ पौंड. तेवढ्या पैशांत तिथल्या माणसाला नवी फियाट पांडा दिसत होती, आणि ती पुढच्याच वर्षी युरोपातली सर्वोत्तम मोटार ठरली. ब्रिटिश परीक्षकांनी आतल्या जागेबद्दल बरे शब्द काढले, बाकी प्लास्टिक, फिटिंग आणि सुरक्षेची साधनं यांवर कडक टीका केली. ‘टॉप गिअर’साठी जेम्स मे यांनी गिऱ्हाईक असल्याचं भासवून, लपवलेल्या कॅमेऱ्यानं तिची चाचणी घेतली आणि ती फार वाईट ठरवली. तिकडे गेलेली गाडी फक्त पेट्रोलवरची होती. म्हणजे स्वस्त किंमत आणि डिझेल हे तिचे दोन भक्कम आधार काढून घेऊन तिला परीक्षेला बसवलं होतं. एप्रिल २००५ मध्ये रोव्हर बुडाली आणि सिटीरोव्हरही संपली.

इकडे सरकारनंही टेप हातात घेतला. २००६ च्या अर्थसंकल्पात ‘छोट्या मोटारी’ला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. अट अशी : लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत. इंडिकाचं डिझेल इंजिन या चौकटीत अलगद बसलं. तेव्हापासून भारतातल्या अनेक घरगुती गाड्यांची लांबी चार मीटरच्या अलीकडे येऊन थांबते, ती या अटीमुळे.

दरम्यान परीक्षेत ॲव्हरेजचं वजन वाढतच गेलं. गाडी लिटरला किती जाते याचे आकडे प्रमाणित करणारी एआरएआय ही संस्थाही पुण्यातलीच, वेताळ टेकडीवरची, १९६६ मध्ये स्थापन झालेली. प्रयोगशाळेत ठरावीक वेगानं, ठरावीक वेळ रोलरवर चालवून काढलेला तो आकडा लक्ष्मी रोडच्या गर्दीत कधीच मिळत नाही, हे प्रत्येक मालकाला ठाऊक असतं. तरी शोरूममध्ये पहिला प्रश्न तोच. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा उपयोगी आहे, घरखर्चाचा अंदाज बांधायला नाही, एवढं ध्यानात ठेवलं तर गैरसमज होत नाही.

२००८ मध्ये इंडिका व्हिस्टा आली. फियाटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन, रांजणगावचा कारखाना, आणखी ऐसपैस बैठक. गाडी पहिल्या इंडिकापेक्षा सगळ्या बाजूंनी सरस होती, पण नावाला चिकटलेली टॅक्सी सुटली नाही. आणि मग डिझेलचा पायाच सरकला. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले, पेट्रोल-डिझेलमधलं अंतर आटत गेलं आणि चाळीस टक्क्यांचं ते जुनं गणित जुळेनासं झालं. २०१८ मध्ये इंडिकाचं उत्पादन थांबलं.

त्याच काळात परीक्षेच्या तक्त्यात एक रकाना नव्यानं आला, आणि तो सुरुवातीपासून असायला हवा होता. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगानं अडथळ्यावर आदळवल्या : अल्टो, नॅनो, आय-टेन, फिगो आणि पोलो. एअरबॅग नसलेल्या या पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. तीस वर्षं देशानं ॲव्हरेज विचारलं, रिसेल विचारली, डिकीत किती बॅगा मावतात हे विचारलं. गाडी आदळली तर मागच्या बाकावरच्या मुलाचं काय होईल, हे जवळपास कुणीच विचारलं नव्हतं. इंडिकाच्या काळात घरगुती गाडीत एअरबॅग ही श्रीमंतीची गोष्ट मानली जायची. कंपन्यांनी ती दिली नाही आणि गिऱ्हाइकांनी मागितली नाही.

यानंतर बदल झपाट्यानं झाला. जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली, नंतर शेजारच्या सीटसाठीही. टाटांच्या नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले आणि जानेवारी २०२० मध्ये अल्ट्रोझ या हॅचबॅकलाही. पुण्यात बनणारी ही गाडी इंडिकाची खरी वारस म्हणायला हरकत नाही : ऐसपैस मागची बैठक आणि डिझेलचा पर्यायही. २०२३ मध्ये ह्युंदाईनं आय-ट्वेंटीचं डिझेल बंद केलं, तेव्हा भारतीय बाजारात डिझेल हॅचबॅक म्हणून अल्ट्रोझ एकटीच उरली.

त्या पाच ताऱ्यांच्या अहवालात आणखी एक ओळ होती. पाच तारे मोठ्यांच्या सुरक्षेसाठी होते. मुलांच्या सुरक्षेसाठी अल्ट्रोझला तीन मिळाले होते. जाहिरातीत पाच झळकले, तीन फार थोड्यांनी वाचले. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप योजनेतही मोठ्यांचे तारे वेगळे आणि मुलांचे वेगळे दिले जातात. कुटुंबासाठी गाडी पाहायला गेलेल्यांनी शोरूममध्ये दोन्ही आकडे मागून घ्यावेत, आणि मुलांच्या सीटसाठी लागणारे आयसोफिक्सचे अडकवे मागच्या बाकाच्या फटीत हात घालून स्वतः तपासावेत.